हाताला बसणारा वायरलेस माऊस: सांगलीतल्या एका डिझाइनच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेत माझं छोटं डिझाइनचं काम आहे. हळदीची पाकिटं, बेदाण्याचे खोके, लग्नपत्रिका, नाटकाच्या जाहिराती आणि गणपतीच्या तोंडावर रात्र रात्र फ्लेक्स. शिकायला येणारी मुलं, शेजारचे डीटीपीवाले, पुतण्याला लॅपटॉप घेऊन देणारे काका, सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, माऊस कुठला घेऊ?" मग त्या एका प्रश्नाला पिल्लं फुटतात. दरवेळी तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून इथे लिहून ठेवलंय.

सरळ एक नाव सांगा ना. कुठला घेऊ?

नाव सांगते, पण आधी हात दाखवा.

हसू नका. माझा हात मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर भरतो. आमच्याकडच्या ऑपरेटरचा वीस. आम्ही दोघं एकाच खोलीत, कोरलड्रॉ या एकाच डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये काम करतो, पण एकमेकांच्या माऊसवर दहा मिनिटं बसवत नाही. काही वर्षांपूर्वी मी सगळीकडची कौतुकं वाचून लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर जातीतला माऊस मागवला. सुंदर वस्तू. चाक तर असं फिरतं की बघत राहावं. पण तो मोठ्या पंजासाठी घडवलेला आहे. एमएक्स मास्टर ३एसचं वजन १४१ ग्रॅम आहे, आणि त्याच्या पाठीवर तळहात टेकवला की माझी बोटं बटणांच्या टोकापर्यंत ताणावी लागतात. आठवडाभरात अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला. तो माऊस आता ऑपरेटरकडे आहे आणि त्याला दुसरा कुठला हातात धरवत नाही.

मिरजेत सतार घ्यायला गेलेला माणूस ती मांडीवर घेऊन बसल्याशिवाय पैसे काढत नाही. आपण मात्र दिवसाचे आठ-दहा तास हातात राहणारी वस्तू फोटो बघून मागवतो.

बरं, मग हात मोजायचा कसा?

पट्टी घ्या. मनगटाची पहिली रेघ ते मधल्या बोटाचं टोक, ही लांबी. अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी आडवी, ही रुंदी. साधारण सतरा सेंटिमीटरच्या आत असेल तर लहान हात, सतरा ते एकोणीस मध्यम, त्यापुढे मोठा. हा काही कायदा नाही, पण निम्मे माऊस यादीतून इथेच गळतात.

लहान हाताला एमएक्स एनीव्हेअर ३एससारखा बुटका माऊस (९९ ग्रॅम) बरा पडतो. उभ्या जातीतला लॉजिटेकचा लिफ्ट तर कंपनीनेच लहान आणि मध्यम हातासाठी म्हणून काढलाय. मोठ्या हाताच्या माणसाने हेच दोन घेतले तर करंगळी टेबलावर घासत राहते आणि संध्याकाळी तिथे लाल होतं.

लांबीइतकंच महत्त्व धरण्याच्या सवयीला आहे. कुणी पूर्ण तळहात माऊसवर टाकून बसतो. कुणी बोटं वाकवून पंजासारखा धरतो. कुणाचा तळहात माऊसला लागतच नाही, नुसती बोटांची टोकं. तळहात टाकणाऱ्याला पाठीवर उंचवटा हवा, टोकांनी धरणाऱ्याला हलका आणि चपटा माऊस. तुम्ही कसा धरता हे तुम्हाला सांगता येणार नाही, कारण विचारलं की माणूस लगेच नीट धरतो. काम जोरात चालू असताना कुणाला तरी हाताचा फोटो काढायला सांगा.

डीपीआय किती पाहिजे? खोक्यावर ८००० लिहिलंय, म्हणजे चांगला ना?

या आकड्यावर दुकानदार जेवढं विकतात तेवढं दुसऱ्या कशावर विकत नसतील. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकवला की कर्सर किती पिक्सेल सरकणार. १९२० पिक्सेल रुंदीचा मॉनिटर असेल आणि माऊस १६०० वर असेल, तर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला जेमतेम तीन सेंटिमीटर हात हलवावा लागतो. ४के मॉनिटर, म्हणजे ३८४० पिक्सेल असेल तर सहा. आता सांगा, ८००० वर ठेवून अक्षराची वेलांटी ट्रेस करणार कशी? हात शिंकला तरी नोड, म्हणजे रेषेवरचा बिंदू, तिसरीकडे जाईल.

मी १२०० ते १६०० मध्ये असते. बारीक ट्रेसिंगला ८००. मोठा आकडा वाईट नसतो, नुसता निरुपयोगी असतो. आकड्यापेक्षा हे बघा की डीपीआय कमी-जास्त करायचं बटण माऊसवरच आहे का, आणि ते चुकून दाबलं जाईल अशा जागी तर नाही ना.

विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची खूण असते. नाव मोठं, करणी उलटी. ती चालू असली की हात जोरात हलवल्यावर कर्सर जास्त पळतो आणि हळू हलवल्यावर कमी, त्यामुळे हाताला अंतराचा अंदाज बसत नाही. काढून टाका. दोन दिवस परकं वाटेल, मग हात सुधारतो.

मनगट दुखतंय. महागाचा माऊस घेतला की थांबेल?

थांबेलच असं नाही. आधी टेबल बघू.

आपल्याकडे निम्मी डीटीपीची दुकानं मूळ किराणा किंवा स्टेशनरीच्या गाळ्यात आहेत. काउंटर उभ्या गिऱ्हाइकाच्या उंचीचा, आणि त्यावरच कॉम्प्युटर. बसणाऱ्याचा खांदा दिवसभर उचललेला. कोपर काटकोनात, खांदा सैल आणि हात टेबलाला टेकलेला, इतकं जमलं की अर्धं दुखणं पैसे न देता जातं. काउंटर कापता येत नसेल तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली लाकडी पाट ठेवा. मी फ्लेक्सचा रिकामा रोल ठेवते.

दुसरी गोष्ट कीबोर्ड. उजवीकडे आकड्यांचा पट्टा असलेला लांब कीबोर्ड माऊसला बाहेर ढकलतो आणि हात सतत अंगापासून लांब, तिरका राहतो. हिशेबाचं काम नसेल तर आकड्यांशिवायचा आखूड कीबोर्ड घ्या. माऊसवर पाच हजार घालण्याआधी हे करा, असं मी सांगते आणि कुणी ऐकत नाही.

तिसरं, ती जेलची उशी. मनगटाच्या आतल्या बाजूने, हाडं आणि एका घट्ट पट्ट्याच्या मधल्या बोगद्यातून, मिडियन नावाची नस बोटांकडे जाते. काम करताना नेमकी तीच जागा उशीवर दाबून धरली तर नसेवरचा भार वाढतो. उशी विसाव्यापुरती. माऊस हलताना मनगट अधांतरी, किंवा सगळा हातच कोपरापासून हलणारा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून कप निसटत असेल, तर माऊसचं दुकान सोडून डॉक्टरांकडे जा. करंगळी बधिर होत असेल तर नस वेगळी, ती बहुतेकदा कोपराशी दाबली जाते. मिरज दहा किलोमीटरवर आहे आणि ते दवाखान्यांचंच गाव आहे. मी स्वतः एका गणेशोत्सवाच्या हंगामात तीन आठवडे दुखणं अंगावर काढलं आणि नंतर दोन महिने पट्टा बांधून डाव्या हाताने पत्रिका लावल्या.

तो उभा माऊस खरंच उपयोगी असतो की नुसती फॅशन?

उपयोगी आहे, पण सगळ्यांना नाही आणि पहिल्या दिवशी तर नाहीच.

तळहात खाली करून टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने कोपरापुढचा भाग चाचपा. तिथली दोन हाडं एकमेकांवरून तिरकी गेलेली असतात. आता पाणी भरलेला पेला धरतो तसा हात करा. हाडं शेजारी शेजारी येतात, पिळा सुटतो. उभा माऊस हात या दुसऱ्या अवस्थेच्या जवळ ठेवतो. लिफ्ट आणि एमएक्स व्हर्टिकल या दोन्हींचा कोन ५७ अंशांचा आहे. पुरा उभा नाही, आणि ते बरंच आहे, कारण ९० अंशांवर माऊस क्लिक करताना आडवा ढकलला जातो.

हा ढकलला जाण्याचा त्रास ५७ वरही थोडा होतो. सपाट माऊसवर बटण खाली दाबतो, टेबल विरोध करतो. इथे बटण बाजूला असतं, म्हणून क्लिक करताना अंगठ्याने पलीकडून आधार द्यावा लागतो. पहिल्या आठवड्यात पेन टूलने काढलेली प्रत्येक कड वेडीवाकडी येते. माझीही आली, आणि एका हळदीच्या पाकिटावरचं पान केळीसारखं झालं. गिऱ्हाईक म्हणाले, "ताई, हे काय नवीन पीक?" दहा-बारा दिवसांनी हात बसला. म्हणून हंगामात बदलू नका. आषाढात घ्या, श्रावणापर्यंत सराव होतो, पुढे गणपतीची गर्दी.

मनगट आत-बाहेर वळवून काम करणाऱ्याला आणि ज्याचा कोपरापुढचा स्नायू भरून येतो त्याला याचा फायदा मी बघितलाय. ज्याचं दुखणं खांद्यात आहे, त्याने टेबलाची उंची बघावी.

ट्रॅकबॉल?

टेबलावर कागद, कात्री, चहा, प्रूफं यांतून वीतभर जागा उरत नसेल तर चांगला. माऊस जागचा हलत नाही, चेंडू फिरवायचा. लॉजिटेकच्या एम५७५ मध्ये चेंडू अंगठ्याने फिरतो. केन्सिंग्टनच्या काहींमध्ये मोठा चेंडू मधल्या बोटांनी. अंगठा आधीच मोबाईलने थकलेला असेल तर पहिला घेऊ नका. आणि लॅसो, म्हणजे हाताने कड आखून भाग निवडायचं टूल, धरून केसांची कड कापायची म्हणाल, तर मला ट्रॅकबॉलवर ते आजवर जमलेलं नाही.

मी फक्त कोरलमध्ये काम करतो. मला बटणं किती लागतील?

कोरलवाल्याने उजव्या बटणाकडे नीट बघावं, कारण कोरलइतकं उजवं बटण दुसरीकडे क्वचितच राबत असेल. रंगाच्या पट्टीवर डावं क्लिक केलं की आत रंग, उजवं केलं की कडेला. आणि आपला सगळ्यांचा लाडका डाव: वस्तू डाव्या बटणाने ओढत न्यायची, सोडण्याआधी उजवं टिचकवायचं, कॉपी तयार. पत्रिकेची बॉर्डर लावणारा माणूस हे दिवसात शेकडो वेळा करतो. म्हणजे दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली जाणं हा कामाचा भाग आहे. ॲपलचा मॅजिक माऊस इथे नापास होतो. त्याला वरून एकच सलग पाठ असते, उजवं क्लिक ओळखायला तर्जनी उचलावी लागते. शिवाय त्याचं चार्जिंगचं भोक पोटाखाली, चार्ज होताना काम बंद. दिसायला देखणा आहे, ते मान्य.

अंगठ्याजवळ दोन बटणं असली की पुरे. एकावर अनडू, दुसऱ्यावर एफ४ लावून टाका, म्हणजे पानावरचं सगळं एका दाबात समोर येतं. चांगल्या माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळी बटणं लावता येतात, कोरलमध्ये एक आणि फोटोशॉपमध्ये दुसरं. बारा बटणांचे गेमवाले माऊस घेतलेली दोन मुलं माझ्याकडे होती. दोघंही दोनच बटणं वापरायची.

ऑटोकॅडला वेगळा लागतो का?

वेगळा नाही, पण चाक दाबून बघितल्याशिवाय घेऊ नका. ऑटोकॅडमध्ये चाक दाबून धरलं की ड्रॉइंग सरकतं, दोनदा दाबलं की पूर्ण ड्रॉइंग पडद्यावर येतं. स्केचअपमध्ये चाक दाबूनच मॉडेल फिरवतात, ब्लेंडरमध्येही. इंटिरिअरवाल्यांचं मधलं बोट दिवसभर त्या एका दाबावर असतं. काही माऊसची चाकं फिरायला लोण्यासारखी आणि दाबायला दगडासारखी असतात. वालचंद कॉलेजची मुलं येतात त्यांना मी हेच सांगते: दुकानात चाक वीस वेळा दाबा, दुकानदार बघत असला तरी दाबा.

डोंगलवाला चांगला की ब्लूटूथवाला?

दोन्ही असलेला सगळ्यात चांगला. जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नसतंच, तिथे डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, लागतो. लॅपटॉपला दोनच यूएसबीची तोंडं असतील तर ब्लूटूथने एक वाचतं. कॉम्प्युटर सुरू होताना, विंडोजच्या आधी येणाऱ्या बायोसच्या सेटिंगमध्ये जायचं झालं तर ब्लूटूथ माऊस बहुधा मदतीला येत नाही. एकाच माऊसवर दोन-तीन कॉम्प्युटर जोडायची सोय असेल तर घरचा लॅपटॉप आणि दुकानचा डेस्कटॉप खालच्या बटणाने बदलता येतो, ही फार कामाची गोष्ट आहे.

डोंगल हरवला की काय, हे विकत घेतानाच विचारा. लॉजिटेकचा युनिफाइंग किंवा बोल्ट जातीचा रिसीव्हर हरवला तर त्याच जातीचा नवीन घेऊन जुना माऊस त्याला जोडता येतो, पण युनिफाइंगचा माऊस बोल्टला जोडला जात नाही. स्वस्त माऊसचा डोंगल त्याच्याशी जन्माचा बांधलेला असतो, तो गेला की माऊस कागदावर वजन ठेवायला. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी चढत होतं तेव्हा ओळखीच्या एका डीटीपीवाल्याने कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर नेले, माऊस पिशवीत भरले, आणि सगळे डोंगल यूएसबी हबसकट खाली राहिले.

माऊस मध्येच उडी मारतो, अडखळतो. खराब झाला का?

बहुतेक वेळा माऊस निर्दोष असतो. याच्यासाठी मी स्वतः पैसे घालवलेत, म्हणून लांब सांगते.

माझ्याकडे एक विचित्र प्रकार व्हायचा. दिवसभर माऊस गुळगुळीत चालायचा आणि पार्टी स्वतःची हार्ड डिस्क घेऊन आली, फाइल कॉपी करायला लावली, की कर्सर ठेचकाळायला लागायचा. मला वाटायचं व्हायरस. एका दुरुस्तीच्या दुकानात नेला, त्यांनी विंडोज नवीन टाकून दिलं आणि पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग म्हटलं माऊसच वाईट, नवीन घेतला. तोही अडखळला.

खरं कारण असं: वायरलेस माऊस, ब्लूटूथ आणि बरेचसे वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. यूएसबी ३.० ची तोंडं आणि केबली फाइल वाहत असताना त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून छापलं होतं. डोंगल त्या तोंडाच्या शेजारीच खोचलेला असला की माऊसचा आवाज त्याला ऐकू जात नाही, लग्नात बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलल्यासारखं.

उपाय शंभर-दीडशे रुपयांचा आहे. यूएसबीची एक्सटेन्शन वायर घ्या, डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलावर, माऊसपासून हातभर अंतरावर ठेवा. टेबलाखाली लोखंडी कॅबिनेट, त्याच्या पाठीमागे डोंगल, पुढे माणसाचे पाय, अशी रचना असेल तर हा उपाय आजच करा. वायफायचा राउटरही मॉनिटरच्या मागून उचलून दुसरीकडे ठेवा.

काचेच्या टेबलावर चालत नाही.

नाहीच चालणार. माऊसच्या पोटातला सेन्सर खालच्या पृष्ठभागाचे भराभर फोटो काढतो आणि एकमेकांशी ताडून बघतो. स्वच्छ काचेत ताडायला काही नसतं. लॉजिटेकच्या महाग माऊसमधला डार्कफील्ड सेन्सर किमान चार मिलिमीटर जाडीच्या काचेवर चालतो, पण त्यासाठी तेवढे पैसे घालू नका. कापडी पॅड घ्या, मोठा, एका रंगाचा. उरलेल्या फ्लेक्सच्या तुकड्यावर माऊस फिरवायची आपल्या धंद्यात रीत आहे. चकचकीत फ्लेक्सवर कर्सर थरथरतो. तुमच्या दुकानात तो तुकडा असेल तर आधी तो फेका, मग माऊसला नावं ठेवा.

सेलवाला की चार्जिंगवाला?

मला सेलवाला आवडतो. एक पेन्सिल सेल लिफ्टमध्ये कंपनीच्या सांगण्यानुसार २४ महिन्यांपर्यंत जातो. माझ्या कामाच्या रेट्यात तितका जात नाही, तरी वर्ष सहज निघतं. संपला तर कोपऱ्यावरच्या दुकानात सेल मिळतो. चार्जिंगवाल्याची आतली बॅटरी तीन-चार वर्षांनी दमली की बदलून देणारा शोधावा लागतो. उलट बाजूही आहे: एमएक्स मास्टर ३एस एक मिनिट चार्जिंगला लावला तर तीन तास चालतो, आणि वायर लावलेली असतानाही काम थांबत नाही. रात्री अकराला छपाईची प्लेट जायची असते तेव्हा ही सोय मोठी.

सेलचा माऊस महिनाभर बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा. गळाला की आतल्या पत्र्यांवर हिरवी बुरशी धरते.

मी डावखुरी आहे. माझं काय?

दुकानात जे देखणे, अंगठ्याला खोबण असलेले माऊस दिसतात ते जवळजवळ सगळे उजव्या हाताचे. लिफ्टचा डावा माऊस वेगळा मिळतो, मागवावा लागतो. नाहीतर दोन्हीकडून सारखा असलेला साधा माऊस घ्या आणि विंडोजमध्ये मुख्य बटण उजवं करून टाका. बऱ्याच डावखुऱ्या मुली घरच्यांनी लावलेल्या सवयीने माऊस उजव्या हातानेच धरतात आणि त्यांचं छान चालतं. डावा हात पेन्सिलीला मोकळा राहतो, हा त्यांचा फायदा. बदलायची सक्ती नाही.

पेन टॅबलेट घेतला तर माऊस लागणारच नाही ना?

लागेल. फोटोतले केस कापणं, चेहरा साफ करणं, हाताने अक्षर काढणं हे पेनचं काम. रकाने लावणं, कोपऱ्याला कोपरा जुळवणं, मजकूर सरकवणं हे माऊसचं. मी दोन्ही ठेवते आणि तासा-दोन तासांनी बदलते. हाताला एकच एक हालचाल नको असते, म्हणून पाच हजारांचा एक माऊस घेण्यापेक्षा दीड हजाराचा माऊस आणि छोटा टॅबलेट असे दोन केले तर काहींना जास्त आराम पडतो.

एकदा क्लिक केलं की दोनदा होतं.

कोरलवाल्याला हे पहिल्यांदा कळतं. निवडलेल्या वस्तूवर पुन्हा क्लिक केलं की कोपऱ्यांवर फिरवायचे बाण येतात. तुम्ही एकदाच दाबताय आणि दरवेळी बाणच येतायत, किंवा वस्तू ओढत नेताना मध्येच हातातून सुटतेय, तर बटणाखालचा स्विच झिजला. आत पत्र्याची बारीक पट्टी असते, तिचा ताण जातो. वॉरंटीत असेल तर बदलून घ्या. नसेल तर मोबाईल दुरुस्त करणारा हुशार पोरगा नवा स्विच डाग देऊन बसवतो, सुटा स्विच काही महाग नसतो. कात्रीने उघडू नका, स्क्रू बहुतेकदा खालच्या गुळगुळीत पट्ट्यांच्या मागे लपलेले असतात.

उन्हाळ्यात माऊस चिकट होतो.

घामाने नव्हे, म्हणजे नुसत्या घामाने नव्हे. काही माऊसच्या अंगावर मऊ रबरी थर दिलेला असतो. दुकानात तो हाताला मखमलीसारखा लागतो, पण दमट हवा आणि घाम यांनी दोन-तीन वर्षांत तो थर विरघळल्यासारखा होऊन गुळाच्या ढेपेसारखा लागतो. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली बसून काम करणाऱ्याने साधं खरखरीत प्लास्टिक घ्यावं.

मार्केट यार्डातल्या अडतीच्या ऑफिसात माऊस असेल तर दुसरी गोष्ट. हळदीची धूळ चाकाच्या फटीतून आत जाते आणि चाक मागे-पुढे उड्या मारतं. सेल काढा, कानातल्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फट आणि सेन्सरची खाच पुसा. तिथला एक पांढरा माऊस मी बघितलाय, तो आता भंडाऱ्यात न्हायल्यासारखा दिसतो.

ऑनलाइन घेऊ की इथल्या दुकानातून?

हात लावून बघायला दुकान, घ्यायला जिथे परत करता येईल ते ठिकाण. अडचण अशी की सांगलीच्या दुकानांत उभे माऊस क्वचित उघडे ठेवलेले असतात; खोका फोडू देत नाहीत. मग ओळखीत कुणाकडे असेल त्याच्याकडे जाऊन अर्धा तास बसा. आमच्याकडे आलात तर लिफ्ट माझ्या टेबलावर आहे, चहाही मिळेल.

बिल पक्कं घ्या. वॉरंटी कुठल्या माऊसला एक वर्ष असते, कुठल्याला तीन, खोक्यावर वाचा. माऊसवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमचा जीएसटी नंबर असेल तर बिलावर तो घालून घ्या. बाजारभावाच्या निम्म्यात नावाजलेला माऊस कुणी देत असेल तर तो त्या नावाचा नसतो.

माझ्याकडे पाचशे-सातशेच आहेत.

मग दोन्हीकडून सारखा, मध्यम आकाराचा, सेलवर चालणारा साधा वायरलेस माऊस घ्या आणि उरलेल्यात मोठा पॅड. मी पहिली सहा वर्षं असाच वापरला. दहा हजारांचा माऊस पाचशेच्या माऊसपेक्षा वीस पट चांगली पत्रिका काढत नाही. तो फक्त संध्याकाळी हात कमी थकवतो, आणि तेही तुमच्या मापाचा असेल तर. दोन-अडीच हजारांपर्यंत जाता आलं तर कमी आवाजाच्या बटणांचा बघा. घरात लहान मूल झोपलेलं असताना रात्री काम करणाऱ्या बाईला ते टिकटिक नसणं किती मोलाचं आहे हे तिलाच विचारा.

वायरचा माऊस काय वाईट होता?

काही नाही. डिझाइनच्या कामाला वायरलेसचा उशीर जाणवत नाही, तसा वायरचा वेगही जाणवत नाही. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा सांगतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी, आणि पत्रिकेला तेवढं पुष्कळ झालं. वायरलेसचा खरा फायदा एवढाच की वायर प्रूफांच्या गठ्ठ्यात अडकून हाताला ओढ देत नाही. १९६८ च्या डिसेंबरात डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस पहिल्यांदा लोकांसमोर चालवून दाखवला, तेव्हा त्यालाही वायर होतीच. तिच्यावरून तर तो उंदरासारखा दिसायचा.

लॅपटॉपला टचपॅड आहे. माऊस घ्यायलाच पाहिजे का?

लग्नपत्रिकेच्या बॉर्डरीतला एक वेल टचपॅडवर ट्रेस करून बघा. एकच. मग या.